जूनची फी आणि व्यापाऱ्याची उचल

पत्र:

मॅडम, नमस्कार. आम्ही दारणा धरणाच्या काठाला राहतो, तालुका इगतपुरी. जातीने भोई. मालक धरणात जाळं टाकतात, मी घोटीला पाटी घेऊन बसते. सासरे मूळचे निफाडकडचे. नांदूर मधमेश्वरला पक्ष्यांचं अभयारण्य झालं, तिकडचं पाणी हातातून गेलं, मग ते इकडे आले. मुलगी यंदा दहावीला ८१ टक्क्यांनी पास झाली. तिला नर्स व्हायचंय. नाशिकचे एक क्लासवाले म्हणतात, अकरावी-बारावी दोन्ही आमच्याकडे करा, कॉलेज फक्त नावाला, आधी ४० हजार भरा. आमचा व्यापारी तेवढी उचल द्यायला तयार आहे. अट एकच, पैसे फिटेस्तोवर माल त्यालाच घालायचा. बाजारात रोहूला १६० मिळतो, तो १२० लावतो. हंगामात रोजचा सरासरी आठ किलो माल निघतो. मुलगा आठवीत गेलाय. पहाटे तीनला बापाबरोबर जाळी उचलायला जातो आणि शाळेत झोपतो. गुरुजींनी दोनदा बोलावून घेतलं. मालक म्हणतात, पोरगी लग्न होऊन जाणार, पोराला शेवटी जाळंच धरायचंय, कशाला ओढाताण. जातीचा दाखला आमच्यात अजून कुणाचाच नाही. काय करू?

— दारणाकाठची एक आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मुलीच्या वहीच्या पानावर आलं. मागच्या बाजूला तिनं सोडवलेलं गणित आहे. दीपगृहावरून जहाज दिसतं, अवनत कोन ६० अंशांचा, तर जहाज किती दूर, असं काहीतरी. ते गणित मी आधी तपासलं आणि मग पत्र वाचलं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

पहिली गोष्ट, ती उचल घेऊ नका. क्लास चांगला की वाईट, मुलगी हुशार की नाही, हे सगळं नंतर बघू. तुमचेच आकडे मांडून बघते. किलोमागे १६० ऐवजी १२० म्हणजे ४० रुपये कमी. रोजचे आठ किलो धरले तर दिवसाला ३२० रुपये जातात. महिन्याचे २५ दिवस जाळं पडलं, तर ८,००० झाले. पाच महिन्यांत पूर्ण ४० हजार तुमच्या पाटीतून व्यापाऱ्याच्या खिशात गेले, आणि तरी उचलीची रक्कम तशीच उभी! ती वेगळी फेडायचीच आहे. त्यात आता पावसाळा तोंडावर आलाय. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. पाणी गढूळ होऊन ओढ धरतं, जाळी वाहून जातात, चार महिने हाताला माल लागत नाही, आणि तेवढे दिवस ती उचल घरात बसून राहते. उचल म्हटलं की आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात. धरणाकाठी त्याच शब्दाला दुसरा अर्थ आहे असं समजू नका.

व्यापाऱ्याला मी वाईट माणूस म्हणत नाही. अडीनडीला रात्री दोन वाजता दार उघडणारा बहुतेक तोच असतो, हे मला माहीत आहे. त्याच्याशी भांडून येऊ नका. "यंदा नको, गरज पडली तर येईन" एवढंच सांगून या.

आता क्लासचं. तिला नर्स व्हायचंय ना? नाशिकला कॉलेज रोडला आणि कॅनडा कॉर्नरला ज्या क्लासच्या पाट्या दिसतात, त्यातले बहुतेक डॉक्टर आणि इंजिनिअर होण्याच्या परीक्षांसाठी आहेत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. त्यासाठी बारावी विज्ञान लागतं, जीवशास्त्रासह, आणि इंग्रजी. परीक्षा कठीण असेल, पण त्यासाठी अकरावीच्या आधीच ४० हजार ओतायची गरज नाही. आणि "कॉलेज फक्त नावाला" ही गोष्ट तर मला मुळीच पटत नाही. कॉलेज नावाला झालं की मुलीची हजेरी नावाला, प्रयोगशाळा नावाला, आणि बारावीच्या प्रात्यक्षिकाला हातात पिपेट धरायची वेळ आली की ती घाबरते. मी शाळेत शिकवत होते, तेव्हा अशा मुली पाहिल्यात. हुशार असून प्रयोगाच्या टेबलापाशी हात थरथरायचा, कारण काचेची नळी त्यांनी आधी कधी धरलेलीच नसायची.

तेव्हा अकरावी विज्ञान घोटीला किंवा इगतपुरीला, घराजवळ घ्या. प्रवेश ऑनलाइन आहे, २०२५ पासून सगळ्या राज्यात तीच पद्धत झाली. पसंतीक्रम भरताना एक गोष्ट नीट विचारून घ्या: तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही असू शकतात. सरकारी आणि अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. विनाअनुदानित तुकडीत तीच मुलगी, त्याच बाकावर बसून, हजारो रुपये भरते. फॉर्म भरून देणारा पोरगा हे सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायचा पास फुकट मिळतो. कॉलेजचा दाखला घेऊन आगारात जायचं. म्हणजे फी नाही आणि भाडंही नाही. वह्या, पुस्तकं, प्रयोगवह्या, ड्रेस आणि परीक्षा फी एवढंच उरतं. ते थोडं नाही, पण ४० हजारही नाही. पुस्तकं तर बारावी होऊन गेलेल्या एखाद्या मुलीकडून अर्ध्या किमतीत मिळतील.

बारावीनंतर नर्सिंगला खर्च आहे, खोटं सांगत नाही. पण जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलंय की कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलीनं व्यावसायिक अभ्यासक्रमाला सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरेल. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेवर गेलात तर हे मिळत नाही. हा शब्द आत्ताच लक्षात ठेवा, दोन वर्षांनी कुणी "सीट बुक करून टाका" म्हणत दारात येईल तेव्हा कामाला येईल.

या सगळ्याची किल्ली मात्र दाखल्यात आहे. तुम्ही पत्रात दाखल्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलंय, शेवटच्या ओळीत, जाता जाता. मला तीच ओळ सगळ्यात जड वाटली.

भोई आपल्या राज्यात भटक्या जमाती ब गटात येतात, त्या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. पण जातीचा दाखला काढताना पुरावा लागतो तो २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ही तारीख ठरलेली आहे. आणि दाखला मिळतो तो त्या तारखेला तुमचं कुटुंब जिथं कायम राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयातून. तुम्ही इगतपुरीला खेटे घालत असाल तर म्हणूनच हात हलवत परत येत असाल. सासरे नांदूर मधमेश्वरचं अभयारण्य झालं तेव्हा, म्हणजे १९८६ च्या सुमाराला, इकडे आले. १९६१ ला ते निफाड तालुक्यात होते. तुमचा कागद निफाडला आहे, ताई, दारणेवर नाही.

आता तो शोधायचा कसा? सासरे शाळेत गेले नसतील तर घाबरू नका. आजोबांच्या पिढीत धरणा-नदीकाठच्या कितीतरी घरांत कुणीच शाळा पाहिली नव्हती. पण सासऱ्यांचा एखादा भाऊ, चुलतभाऊ, आत्या, कुणीतरी दुसरीपर्यंत तरी गेलं असेल. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जुनं जनरल रजिस्टर असतं, त्यात जात लिहिलेली असते. त्याचा उतारा मागा. शाळेत नाहीच मिळालं, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ आहे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला म्हातारी माणसं कोतवाल बुक म्हणतात. त्यात "अमक्या भोयाला मुलगा झाला" अशी ओळ सापडली तरी चालते. नाव थोडं वेगळं असेल, सखाराम ऐवजी सखा असेल, तर प्रतिज्ञापत्र करता येतं. नातं मात्र वडिलांकडचं लागतं. तुमच्या माहेरचे कागद इथं उपयोगी नाहीत, त्यात दिवस घालवू नका. आणि सगळ्यात आधी भावकीत विचारा. निफाडकडे कुणा चुलत दिराच्या पोराची जात पडताळणी झाली असेल, तर त्याचं वैधता प्रमाणपत्र तुमचं अर्धं काम करून टाकतं. पुढच्या लग्नात सगळे भेटतील तेव्हा कापडाचं बोलणं झाल्यावर हे बोला.

हे काम जुलैत होणार नाही, कदाचित दिवाळीलाही नाही. म्हणून अकरावीचा फॉर्म दाखल्यासाठी अडवून ठेवू नका. हातात दाखला नसेल तर खुल्या गटातून भरा. ८१ टक्क्यांना जवळच्या कॉलेजात जागा मिळायला हरकत नसावी. दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला, हे सगळं बारावीच्या निकालाआधी घरात हवं. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्या आया मी सेतू केंद्राबाहेर उन्हात उभ्या पाहिल्यात. तुम्ही त्यांच्यात नको.

शिष्यवृत्तीबद्दल एक खरं सांगते. ती भरावी, जरूर भरावी, पण तिच्या भरवशावर जूनचा खर्च धरू नये. पैसे येतात तेव्हा बऱ्याचदा वर्ष सरत आलेलं असतं. फी जूनमध्ये, माल ऑक्टोबरपासून, आणि शिष्यवृत्ती फाल्गुनात. तुमच्या घराची खरी अडचण ही आहे. पैसा येतो, पण शाळेच्या वेळेला येत नाही. व्यापाऱ्याची उचल नेमकी याच फटीतून आत येते. म्हणून ऑक्टोबर ते मे, दर किलोमागे पाच रुपये बाजूला पडलेच पाहिजेत. आठ किलोचे ४० रुपये. महिन्याचे हजार. आठ महिन्यांत ८,००० होतात. पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक पैसे भरायचं खातं काढा, तुमच्या नावावर काढा, आणि पासबुक मुलीकडे ठेवा. तिचा हिशोब पक्का आहे, ते तिच्या गणितावरून कळलं.

यंदाच्या जूनला मात्र ते ८,००० नाहीत, हे मान्य आहे. यंदा जाळ्यांचा खर्च पुढे ढकला, जुनी शिवून वापरा. आणि संस्थेत विचारा. मालक तुमच्या मच्छिमार सहकारी संस्थेचे सभासद असतील, नसतील तर आधी व्हावं. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून मच्छिमारांनाही लागू झालंय, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कार्डावर ७ टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर सवलत मिळून ४ टक्क्यांवर येतं. ते कर्ज जाळी, बर्फ, मत्स्यबीज यासाठी असतं, शाळेसाठी नाही. पण जाळ्यासाठी व्यापाऱ्यापुढे हात पसरायची वेळ टळली, की शाळेचे पैसे शाळेकडे जातात.

आता मुलाबद्दल, आणि इथं मी थोडं कडक बोलणार आहे.

आठवीतला पोरगा पहाटे तीनला दारणेच्या पाण्यात जातो, हे मला झोपू देत नाही. रात्रीचं पाणी तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, ओल्या हातांनी जाळं ओढायचं. त्यात वाम नाहीतर काटेरी चिलापी अडकली की अंधारात सोडवताना बोटं कापतात. त्याच बोटांनी दहाला पेन धरायचं. तो शाळेत झोपतो त्यात त्याचा काही दोष नाही. कायदाही तेच सांगतो. १४ वर्षांखालच्या मुलानं घरच्या धंद्यात मदत करायला हरकत नाही, पण शाळेची वेळ सोडून, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत अजिबात नाही. तुमच्या घरी कुणी पोलीस येणार म्हणून मी हे सांगत नाही. मालकांशी बोलताना "बाई म्हणते" यापेक्षा "नियम असाय" हे कधी कधी बरं पडतं, म्हणून सांगते.

पण मालकांची बाजू बघू या, कारण ती बघितल्याशिवाय हे सुटणार नाही. ते पोराला छळायला नेत नाहीत. जाळी उचलायला दोन माणसं लागतात. एक तराफा सांभाळतो, दुसरा ओढतो. एकट्यानं रात्री पाण्यात असणं धोक्याचं आहे. मग दुसरा माणूस कोण? भाग द्यावा लागेल असा माणूस परवडत नाही, आणि पोरगा घरचाच आहे. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. म्हणून त्यांना "पोराला नेऊ नका" म्हणू नका. "तुमच्याबरोबर कोण जाईल ते ठरवू" म्हणा. वस्तीत दुसरं एखादं घर असेल, जिथला माणूसही पोराला घेऊन जातो. दोघांनी एकत्र भागी करावी. एक दिवस तुमची जाळी आधी, एक दिवस त्यांची. जाळी दोन-तीन जास्त पडतील, माल निम्मा-निम्मा, आणि दोन्ही पोरं घरी झोपतील. वस्तीतल्या कुणाला तुम्ही थेट हे बोललात तर आगाऊपणा वाटेल. संस्थेच्या चेअरमनकडून बोलणं काढलं, तर होऊन जाईल.

मुलाला एक परीक्षा आहे आणि तिला वेळ थोडा आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, गुरुजी एनएमएमएस म्हणतील. सातवीला ५५ टक्के असावेत आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. पास होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा जास्त, आणि माल कुणालाही घाला. परीक्षा साधारण डिसेंबरात होते, फॉर्म त्याआधी शाळेतून भरतात. गुरुजींनी दोनदा बोलावलंय ना, तिसऱ्यांदा बोलावायची वाट न बघता तुम्हीच जा. मालकांना घेऊन जा. हा फॉर्म मागा. दोनदा घरी निरोप पाठवणारे गुरुजी मुलाला सोडायला तयार नसतात, एवढं मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून खात्रीनं सांगते.

"पोराला शेवटी जाळंच धरायचंय" या वाक्यावर मी बराच वेळ अडकले. जाळं धरणं कमी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. कुठल्या आसाचं, म्हणजे केवढ्या भोकांचं जाळं कुठल्या महिन्यात टाकायचं, वारा फिरला की मासा कुठल्या खाडीत उतरतो, हे तुमच्या मालकांना जे कळतं ते पुस्तकात नाही. पण रत्नागिरीला शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथं बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची पदवी मिळते, आणि धरणांतल्या मत्स्यबीजावर, रोगांवर, तलावांच्या व्यवस्थापनावर काम करणारी माणसं तिथून तयार होतात. तिथं दारणेच्या भोयाचा पोरगा जावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला तीन पिढ्यांचं पाणी आधीच पाठ आहे. जाईल की नाही, ते त्यानं ठरवावं. पण ठरवायला त्याला जागं तरी राहता आलं पाहिजे.

आणि मुलगी लग्न करून जाणार, हेही मालक बोलले. जाऊ दे की. अठराच्या आधी नाही, आणि नर्स होऊन जाऊ दे. एवढंच त्यांना सांगा, वाद घालू नका. दहावीचा निकाल आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले का, तुम्ही लिहिलं नाही. मला वाटतं वाटले असतील.

या आठवड्यात तीन कामं करा. व्यापाऱ्याला नाही म्हणा, शाळेत जाऊन एनएमएमएसचा फॉर्म विचारा, आणि निफाडला भावकीत फोन लावून विचारा की कुणाची पडताळणी झालीय का. अकरावीच्या फॉर्मला एखादा दिवस मोडेल तो वेगळा. दाखल्याच्या कामात अडलात, तर कुठल्या टेबलावर कुठला कागद अडला ते लिहून कळवा. मी पुढच्या अंकात त्याच कागदाबद्दल लिहीन, तुमच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मुलीला सांगा, दीपगृहाचं गणित बरोबर आलंय. फक्त उत्तरापुढे मीटर लिहायचं राहिलंय.